गणिताआधी वाहतूक : एफपीजीए चिपमधील डेटाचा प्रवाह

रबाळ्याच्या एमआयडीसीत औषधांच्या गोळ्यांच्या पट्ट्या तपासणारी यंत्रे बनवणाऱ्या एका लहान उद्योगात मी इलेक्ट्रॉनिक्सचे काम पाहतो. पट्टी बेल्टवरून कॅमेऱ्याखालून सरकते, कॅमेरा तिचे चित्र घेतो आणि एखाद्या कप्प्यात गोळी नसेल, अर्धीच असेल किंवा तिला तडा गेला असेल, तर पुढच्या टप्प्यावर हवेच्या झोताने ती पट्टी बाजूला काढली जाते. हा निर्णय काही मिलिसेकंदांत व्हावा लागतो, म्हणून चित्रावरची प्रक्रिया आम्ही संगणकाकडे न पाठवता कॅमेऱ्याशेजारी बसवलेल्या एफपीजीए चिपवर करतो. एफपीजीए म्हणजे अशी चिप, जिच्यातला परिपथ कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही पुन्हा पुन्हा नव्याने मांडता येतो. पहिले यंत्र उभे राहत असताना आम्हाला जी अडचण आली, तिच्यातून या चिपची कार्यक्षमता नेमकी कशावर अवलंबून असते हे मला नीट समजले, म्हणून तिच्याच आधाराने हा विषय मांडतो.

आमचा कॅमेरा सेकंदाला ६० चित्रे देतो आणि प्रत्येक चित्रात १,९२० × १,०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला सुमारे १२.४४ कोटी पिक्सेल झाले. चित्रातले बारीक डाग पुसून ते गुळगुळीत करण्याची जी पहिली पायरी असते, तिच्यात प्रत्येक पिक्सेलसाठी तो स्वतः आणि त्याच्या भोवतीचे आठ शेजारी अशा नऊ किमतींना ठरावीक आकड्यांनी गुणून बेरीज करावी लागते. म्हणजे सेकंदाला सुमारे ११२ कोटी गुणाकार. आता चिपकडे पाहा. आम्ही वापरलेल्या आर्टिक्स-७ मालिकेतील ३५टी या चिपवर गुणाकारासाठी खास बनवलेले ९० डीएसपी ब्लॉक आहेत. चिपमधल्या सगळ्या घटकांना एकच ताल देणाऱ्या घड्याळाला क्लॉक म्हणतात; सेकंदाला १५ कोटी ठोके पडणाऱ्या क्लॉकवर प्रत्येक ब्लॉक ठोक्याला एक गुणाकार करतो, म्हणजे एकूण १,३५० कोटी गुणाकार. गरजेच्या बारा पट क्षमता हाताशी होती आणि तरीही दर सेकंदाला चित्रे गळत होती. "सर, गुणाकार तर पुरून उरतायत, मग फ्रेम जातेय कुठे?" असे आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने विचारले, तेव्हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. चूक गणितात नव्हतीच. गुणकांपर्यंत, म्हणजे गुणाकार करणाऱ्या त्या ब्लॉकांपर्यंत, पिक्सेल वेळेवर पोहोचत नव्हते.

हे समजण्यासाठी चिपच्या आत काय असते ते आधी पाहू. एफपीजीएचा सर्वात लहान घटक म्हणजे लुकअप टेबल, ज्याला आम्ही सगळे बोलताना 'लट' म्हणतो. त्याच्यात सहा तारा आत येतात आणि एक बाहेर जाते. सहा तारांवर ० आणि १ यांच्या ६४ जुळण्या होऊ शकतात आणि प्रत्येक जुळणीला काय उत्तर द्यायचे ते ६४ बिटांच्या तक्त्यात लिहून ठेवलेले असते. पाढे पाठ असलेले मूल जसे 'बारा सक?' म्हटल्याबरोबर आकडेमोड न करता 'बाहत्तर' म्हणते, तसेच हे काम चालते. तक्ता बदलला की त्या लटचे कामच बदलते. लटच्या शेजारी फ्लिप-फ्लॉप असतो, जो एक बिट पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतो. आमच्या चिपवर असे २०,८०० लट आणि ४१,६०० फ्लिप-फ्लॉप आहेत, आणि त्या सर्वांना हव्या त्या पद्धतीने जोडता यावे म्हणून उभ्याआडव्या तारांचे आणि त्यांच्या छेदांवरील स्विचांचे मोठे जाळे आहे. चिपच्या जागेचा बराच मोठा भाग या जाळ्यानेच व्यापलेला असतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोणत्या लटमध्ये कोणता तक्ता आणि कोणता स्विच चालू, ही सारी माहिती ज्या फाइलमध्ये असते तिला बिटस्ट्रीम म्हणतात. वीज आली की ती चिपमध्ये भरली जाते आणि परिपथ तयार होतो.

कल्पना जुनी आहे. जेराल्ड एस्ट्रिन यांनी १९६० मध्येच काही भाग स्थिर आणि काही भाग बदलता येईल अशा संगणकाचा आराखडा मांडला होता. बाजारात विकली गेलेली पहिली एफपीजीए मात्र १९८५ ची, झायलिंक्स कंपनीची एक्ससी२०६४. तिच्यात अवघे ६४ तर्कखंड, म्हणजे लट आणि फ्लिप-फ्लॉप यांचे गट, होते.

प्रोसेसरमध्ये आज्ञा एकामागून एक येतात आणि गणिताची मोजकी केंद्रे त्या पाळतात. एफपीजीएमध्ये आज्ञांची रांगच नसते. हजारो लट प्रत्येक ठोक्याला एकाच वेळी आपापले काम करत असतात आणि प्रोसेसरच्या मानाने क्लॉक कितीतरी मंद असूनही ही चिप टिकून राहते ती या एकाच बळावर. पण हे बळ तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा त्या हजारो घटकांपुढे प्रत्येक ठोक्याला नवा डेटा हजर असतो. तो नसेल तर घटक रिकामे बसतात, आणि रिकामा बसलेला गुणक नसलेल्या गुणकासारखाच.

डेटा ठेवण्याच्या जागा तीन. सर्वात जवळची जागा म्हणजे फ्लिप-फ्लॉप, जिथला बिट त्याच ठोक्याला वापरता येतो. त्यानंतर चिपच्या आतच विखुरलेल्या ब्लॉक रॅम. आमच्या चिपवर प्रत्येकी ३६ किलोबिटच्या ५०, म्हणजे एकूण १,८०० किलोबिट. आणि तिसरी जागा चिपच्या बाहेरची डीडीआर मेमरी, जी आमच्या बोर्डवर २५६ एमबी आहे. प्रत्येक पिक्सेल ८ बिटांचा धरला तर आमचे एक चित्र १,६५,८८,८०० बिटांचे होते आणि सगळ्या ब्लॉक रॅम मिळून त्याचा बरोबर नववा भाग मावतो. म्हणून पहिल्या आराखड्यात आम्ही जे केले ते वरवर पाहता स्वाभाविक होते : कॅमेऱ्याकडून आलेले चित्र बाहेरच्या मेमरीत ठेवायचे, प्रत्येक पिक्सेलसाठी नऊ किमती तिथून वाचायच्या आणि उत्तर पुन्हा तिथेच लिहायचे.

या येण्याजाण्याचा हिशेब मांडून पाहा. वाचन सेकंदाला सुमारे ११२ कोटी बाइट, कॅमेऱ्याचे लेखन १२.४४ कोटी, उत्तराचे लेखन १२.४४ कोटी, एकूण जवळजवळ १३७ कोटी बाइट. मेमरीची वाट १६ बिट रुंद आणि तिच्यावरून सेकंदाला ६६.७ कोटी वेळा देवाणघेवाण होते, म्हणजे कागदावरची कमाल क्षमता १३३ कोटी बाइट. मागणी कमाल क्षमतेपेक्षाच जास्त होती! तीही प्रत्येक बाइट कामाचा धरून. प्रत्यक्षात डीडीआर३ मेमरी एका वेळी सलग आठ देवाणघेवाणी करते, म्हणजे आमच्या बोर्डवर कमीत कमी १६ बाइट हलवते. तुम्हाला त्यातला एकच हवा असेल तर उरलेले १५ वाया गेले. शिवाय ही मेमरी ओळींमध्ये विभागलेली असते. एका ओळीतले सलग वाचणे स्वस्त, पण दुसऱ्या ओळीकडे जायचे तर आधीची बंद करून नवी उघडावी लागते आणि तेवढा वेळ वाट रिकामी राहते. त्यातच सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी मेमरीला स्वतःची उजळणी करावी लागते, ज्याला रिफ्रेश म्हणतात, आणि आमच्या आकाराच्या मेमरी चिपमध्ये ती १६० नॅनोसेकंद चालते. तेवढा वेळ ती कोणाचेच ऐकत नाही.

वाटेची रुंदी पुरेशी असली तरी आणखी एक खोच उरतेच. मागणी केल्यापासून डेटा हातात पडेपर्यंत समजा ३० ठोके जातात. एक मागणी केली, उत्तराची वाट पाहिली, मग दुसरी केली, असे चालले तर ३० ठोक्यांना एकच शब्द, म्हणजे एकदम हलणारा बिटांचा एक गट, मिळेल. त्याऐवजी उत्तराची वाट न पाहता ठोक्याला एक मागणी पुढे पाठवत राहिले, तर पहिल्या ३० ठोक्यांनंतर दर ठोक्याला एक उत्तर येत राहते. किती मागण्या एकाच वेळी वाटेत असाव्यात, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे : वाट पाहण्याचा काळ गुणिले हवा असलेला वेग. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबाबत सिद्ध केलेला नियम तो हाच.

विजेचा हिशेबही याच दिशेने बोट दाखवतो. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्रासाठी मांडलेले आकडे या क्षेत्रात वारंवार सांगितले जातात : ३२ बिटांची पूर्णांक बेरीज सुमारे ०.१ पिकोज्यूल, तर बाहेरच्या मेमरीतून एकदा डेटा आणणे १,३०० ते २,६०० पिकोज्यूल. बेरीज करण्यापेक्षा बेरजेचे आकडे आणणे हजारो पटींनी महाग पडते. म्हणूनच एकदा आत आणलेला पिक्सेल त्याची सगळी कामे संपेपर्यंत बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे या शास्त्रातले मला सर्वात महत्त्वाचे वाटणारे सूत्र आहे.

आमच्या चित्रावर हे सूत्र कसे लागू झाले, ते जरा जवळून पाहू. कॅमेरा पिक्सेल डावीकडून उजवीकडे आणि ओळीमागून ओळ अशा क्रमाने देतो. ३ × ३ च्या चौकटीला तीन ओळींचे पिक्सेल लागतात. त्यांपैकी तिसरी ओळ तर आत्ता येतेच आहे, म्हणजे आधीच्या दोन ओळी जवळ असल्या की झाले. एक ओळ १,९२० बाइटांची. ३६ किलोबिटची ब्लॉक रॅम दोन अर्ध्यांत वापरता येते आणि त्यातला एक अर्धा भाग ९ बिटांच्या २,०४८ किमती ठेवतो. आमची ओळ त्यात आरामात बसते. दोन ओळींना दोन अर्धे, म्हणजे ५० पैकी फक्त एक ब्लॉक रॅम खर्च झाली. नवा पिक्सेल आला की त्याच स्तंभातली जुनी किंमत पहिल्या ओळसाठ्यातून वाचायची आणि त्याच ठोक्याला त्या जागी नवा पिक्सेल लिहायचा. वाचलेली जुनी किंमत दुसऱ्या साठ्यात त्याच स्तंभावर टाकायची आणि तिथून त्याहून जुनी बाहेर काढायची. अशा रीतीने प्रत्येक ठोक्याला एकाखाली एक असलेले तीन पिक्सेल एकदम हाती येतात. ते नऊ फ्लिप-फ्लॉप गटांच्या चौकटीत उजवीकडून आत शिरतात आणि आधीचे एकेक घर डावीकडे सरकतात. चौकट जणू चित्रावरून स्वतःच सरकत जाते. प्रत्येक पिक्सेल बाहेरून एकदाच आत येतो आणि नऊ वेळा वापरला जातो. चित्र कॅमेऱ्याकडून थेट या रचनेत शिरत असल्याने ते आधी मेमरीत ठेवण्याचीही गरज उरली नाही, आणि बाहेरच्या मेमरीवरचा भार १३७ कोटी बाइटांवरून फक्त उत्तर लिहिण्यापुरता, १२.४४ कोटींवर आला. त्यासाठी एकही गुणक वाढवावा लागला नाही.

उलट गुणक कमीच झाले. गुळगुळीत करण्यासाठी आम्ही वापरलेले आकडे पहिल्या ओळीत १, २, १, मधल्या ओळीत २, ४, २ आणि शेवटच्या ओळीत १, २, १ असे होते. दोनने गुणणे म्हणजे बिट एक घर डावीकडे सरकवणे. परिपथात त्यासाठी घटकच लागत नाही, तार एक घर बाजूला जोडली की काम होते. सगळ्या आकड्यांची बेरीज १६ येते, तेव्हा शेवटी १६ ने भागणे म्हणजे खालचे चार बिट सोडून देणे. सर्वात मोठी बेरीज २५५ × १६ म्हणजे ४,०८०, जी १२ बिटांत मावते. आधी उभ्या दिशेने १, २, १ आणि मग आडव्या दिशेने १, २, १ केले की उत्तर तेच येते आणि बेरजा आठांऐवजी चार पुरतात. नव्वदपैकी एकही डीएसपी ब्लॉक न लागता ही पायरी पार पडली, आणि ते सगळे ब्लॉक पुढच्या, खरोखर गुणाकार लागणाऱ्या पायऱ्यांसाठी मोकळे राहिले. सगळीकडे ३२ बिट वापरण्याची सवय संगणकावर खपून जाते. इथे प्रत्येक अनावश्यक बिट म्हणजे वाढीव लट, वाढीव तारा आणि वाढीव वीज.

आता वेगाची दुसरी बाजू, पाइपलाइन. वाशीच्या फळबाजारात कलिंगडांचा ट्रक रिकामा होताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती सांगायला फारसे शब्द लागणार नाहीत. ट्रकपासून गाळ्यापर्यंत माणसे ठरावीक अंतरावर उभी असतात. पहिला फेकतो, दुसरा झेलून तिसऱ्याकडे फेकतो आणि सगळ्यांचा ताल एकच असतो. एका कलिंगडाला गाळ्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ या साखळीमुळे फारसा घटत नाही, पण प्रत्येक तालाला एक कलिंगड गाळ्यात पडते. आणि दोन माणसांत कुठे एके ठिकाणी अंतर जास्त राहिले, तर तिथला झेल चुकू नये म्हणून साऱ्या रांगेला ताल संथ करावा लागतो. चिपमध्ये माणसांच्या जागी फ्लिप-फ्लॉप असतात आणि तालाच्या जागी क्लॉक. दोन फ्लिप-फ्लॉपमधला जो मार्ग सर्वात लांब, त्याला क्रिटिकल पाथ म्हणतात, आणि पूर्ण परिपथाचा वेग तोच ठरवतो.

आकड्यांत सांगायचे तर, एखादे गणित सलग २० नॅनोसेकंद घेत असेल तर क्लॉक सेकंदाला ५ कोटी ठोक्यांपुढे जाणार नाही. त्याचे चार सारखे तुकडे केले आणि मध्ये फ्लिप-फ्लॉप घातले, तर प्रत्येक तुकडा ५ नॅनोसेकंदांचा. फ्लिप-फ्लॉपचा स्वतःचा अर्धा नॅनोसेकंद धरला तर साडेपाच. क्लॉक १८ कोटींच्या पुढे जातो. एकेका पिक्सेलला मात्र आता २० ऐवजी २२ नॅनोसेकंद लागतात. पहिले उत्तर किंचित उशिरा येते आणि त्यानंतरची साडेतीन पटींहून अधिक वेगाने येतात. पहिल्या गोष्टीला लेटन्सी आणि दुसरीला थ्रूपुट म्हणतात. या दोहोंची गल्लत नवखे अभियंतेच करतात असे नाही.

पाइपलाइन एका ठिकाणी अडते : जिथे पुढच्या गणिताला मागच्याचेच उत्तर हवे असते. दशांश आकड्यांची चालती बेरीज घ्या. बेरीज करणारा घटक आठ टप्प्यांचा असेल, तर आधीची बेरीज बाहेर पडेपर्यंत पुढचा आकडा आत घालता येत नाही, आणि आठ ठोक्यांना एकच आकडा पुढे सरकतो. सात टप्पे रिकामे. यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. एका बेरजेऐवजी आठ वेगवेगळ्या बेरजा चालवायच्या : पहिला आकडा पहिल्या बेरजेत, दुसरा दुसऱ्या, नववा पुन्हा पहिल्या. नववा येईपर्यंत पहिली बेरीज बाहेर पडलेली असते. शेवटी त्या आठ बेरजा एकत्र केल्या की झाले. दशांश बेरजेचा क्रम बदलल्याने शेवटच्या अंकांत बारीक फरक पडू शकतो, तेवढे तपासून घ्यावे लागते.

ओळसाठे आले, पाइपलाइन आली आणि आमचे यंत्र चालू लागले. पण दर काही मिनिटांनी एक फ्रेम अजूनही फाटलेली दिसत होती, आणि ही दुसरी अडचण पहिलीपेक्षा पुष्कळ चिवट निघाली. पहिली हिशेबाने सापडली होती. दुसरी सिम्युलेशनमध्ये, म्हणजे परिपथ आधी संगणकावर चालवून पाहतात तेव्हा, दिसतच नव्हती.

चिपमधले दोन भाग एकमेकांना डेटा देतात तेव्हा त्यांच्यात एक साधा करार असतो. देणारा 'व्हॅलिड' ही तार वर करून सांगतो की माझ्याकडे डेटा आहे. घेणारा 'रेडी' वर करून सांगतो की मी घ्यायला तयार आहे. ज्या ठोक्याला दोन्ही तारा वर असतात, त्याच ठोक्याला डेटा हस्तांतरित झाला असे धरायचे. घेणाऱ्याने रेडी खाली केली की देणारा थांबतो, त्यामुळे त्याच्या मागचाही थांबतो, आणि हा दाब मागे मागे सरकत जातो. सगळे टप्पे थांबू शकत असतील तर यात काहीच बिघडत नाही. पण साखळीच्या सुरुवातीला कॅमेरा होता, आणि कॅमेरा थांबत नाही. ठाणे स्थानकात पुलाच्या जिन्यावर गर्दी अडली म्हणून मागून येणारी गाडी थांबून राहत नाही. माणसे फलाटावर उतरतच राहतात. तेवढा वेळ त्यांना सामावून घेईल इतका फलाट रुंद हवा. चिपमध्ये हा फलाट म्हणजे फिफो : जो डेटा आधी आत आला तो आधी बाहेर जाईल अशी रांग.

बाहेरच्या मेमरीच्या अलीकडे बसवलेला आमचा फिफो १६ शब्दांचा होता. एका शब्दात १६ पिक्सेल एकत्र बांधलेले, म्हणजे २५६ पिक्सेल. ओळी आणि चित्रे यांच्यामधल्या रिकाम्या वेळेसह हिशेब केला तर कॅमेऱ्याचा क्लॉक सेकंदाला १४.८५ कोटी ठोक्यांचा असतो, म्हणजे तो फिफो १.७ मायक्रोसेकंदांत भरतो. तपासलेली चित्रे नोंदीसाठी नेटवर्कवरून संगणकाकडे पाठवणारा दुसरा एक भाग त्याच मेमरीतून वाचत होता, आणि तो एकदा वाचायला लागला की दीड मायक्रोसेकंद वाट अडवून धरत असे. एरवी ते निभावून जाई. पण त्याच्या पाठोपाठ रिफ्रेश आला, त्यावर मेमरीची ओळ बदलण्याचा वेळ पडला आणि हे सगळे चित्राच्या ओळीच्या मधोमध घडले, की फिफो भरून वाहत असे. चिपच्या आतच बसवता येणारा लॉजिक अॅनालायझर, म्हणजे तारांवरचे ० आणि १ टिपून ठेवणारा परिपथ, लावून आम्ही रेडी खाली राहिल्याच्या लांबीवर नजर ठेवली, आणि दुपारी एकदा ती तार नेहमीपेक्षा लांब खाली राहिलेली स्क्रीनवर दिसली, तेव्हा त्या नव्या मुलाने खुर्ची मागे सारून सगळ्यांना हाक मारली. सिम्युलेशनमधल्या आमच्या मेमरीच्या प्रतिरूपात रिफ्रेशच नव्हता. ते प्रतिरूप मीच लिहिले होते.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. नेटवर्कचे लांबलचक वाचन लहान तुकड्यांत विभागले, म्हणजे मध्ये मध्ये कॅमेऱ्याच्या लेखनाला शिरायला जागा मिळाली. आणि फिफो ५१२ शब्दांचा केला, ज्यासाठी दोन ब्लॉक रॅम लागल्या. ५१२ शब्द म्हणजे ८,१९२ पिक्सेल, म्हणजे ५५ मायक्रोसेकंदांचा फलाट. एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी : फिफो कितीही मोठा केला तरी सरासरी वेग कमी पडत असेल तर तो भरणारच, फक्त उशिरा. फिफो चढउतार झेलतो, तूट भरून काढत नाही. आमच्याकडे सरासरी पुरेशी होती, म्हणून तो उपाय ठरला.

याच फिफोने आणखी एक काम केले, ज्याचा उल्लेख थोडक्यात करतो. कॅमेऱ्याचा क्लॉक वेगळा आणि मेमरीचा वेगळा. एका क्लॉकवरचा बिट बदलत असतानाच दुसऱ्या क्लॉकचा ठोका पडला, तर फ्लिप-फ्लॉप काही काळ ० आणि १ यांच्या मध्ये लटकू शकतो. म्हणून असा बिट लागोपाठ दोन फ्लिप-फ्लॉपमधून नेतात. पण फिफो कितपत भरला आहे हा आकडा अनेक बिटांचा असतो. ३ वरून ४ होताना ०११ चे १०० होते, तिन्ही बिट एकदम बदलतात आणि पलीकडे भलताच आकडा वाचला जाऊ शकतो. फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकेतात तोच बदल ०१० वरून ११० असा होतो. एकच बिट बदलतो, म्हणून वाचणाऱ्याला जुना आकडा मिळेल किंवा नवा. तिसरा मिळणार नाही.

तारांच्या लांबीबद्दलही दोन शब्द. सॉफ्टवेअर परिपथाचे घटक चिपवर मांडते तेव्हा दोन संबंधित घटक दूर पडले, तर गणिताला लागणाऱ्या वेळापेक्षा तारेतला वेळ जास्त होऊ शकतो. एकच नियंत्रक तार शेकडो ठिकाणी पोहोचवायची असेल तेव्हा हे हमखास होते. तार मध्ये फ्लिप-फ्लॉप घालून तोडायची किंवा तिच्या प्रती करून जवळ जवळ ठेवायच्या, हे नेहमीचे उपाय. व्हॅलिड आणि रेडीचा करार नीट पाळलेला असेल तर वाटेत कुठेही एखादा टप्पा वाढवला तरी उत्तर बिघडत नाही, आणि मला या कराराचा खरा फायदा इथेच वाटतो.

हीच दृष्टी मोठ्या प्रमाणावरही दिसते. एच. टी. कुंग आणि चार्ल्स लायझरसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या सिस्टॉलिक रचनेत गुणकांची जाळी असते आणि डेटा प्रत्येक ठोक्याला एका गुणकाकडून शेजारच्याकडे सरकतो. मेमरीतून एकदा आलेला आकडा पूर्ण रांगेला पुरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासाठी बनवलेल्या गूगलच्या पहिल्या टीपीयू चिपमध्ये २५६ × २५६ गुणकांची अशीच जाळी आहे, जरी ती चिप पुनर्रचना करता येण्याजोगी नाही. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये १,६३२ सर्व्हरांवर एफपीजीए बसवून शोधनिकालांची क्रमवारी लावण्याचे काम तिच्याकडे सोपवले, तेव्हा उत्तराला लागणारा वेळ तेवढाच ठेवून प्रत्येक सर्व्हरचे काम ९५ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेनांकडून येणारे संकेत आकड्यांत आणून त्यांची पाकिटे बांधण्याचे काम एफपीजीए करतात आणि पुढचे जड गणित जीपीयूंकडे, म्हणजे मुळात चित्रांसाठी बनलेल्या प्रोसेसरांकडे, जाते. थांबवता न येणारा प्रवाह आधी एफपीजीएने झेलायचा ही वाटणी मला अतिशय योग्य वाटते. ऐरोलीपासून महाप्यापर्यंत आज जी डेटा सेंटरे उभी आहेत, त्यांचे वीजबिल शेवटी आकडे किती आणि कुठून कुठे हलले यावरही ठरते.

प्रत्येक काम एफपीजीएवर न्यावे असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या गणितात पुढची पायरी काय असेल हे दर वेळी बदलते, ज्यात मेमरीत इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात, किंवा ज्याचा कार्यक्रम आठवड्याला बदलतो, तिथे प्रोसेसर अधिक बरा. कारण एफपीजीएच्या मोठ्या आराखड्यातला एक छोटा बदल बिटस्ट्रीममध्ये उतरवायला कित्येक तास लागू शकतात. प्रवाह अखंड, पायऱ्या ठरलेल्या आणि उशीर चालणार नसेल, तिथे तिचे नाव घ्यावे.

आमच्या त्या यंत्रात आता फिफोच्या तोंडाशी एक लहानसे रजिस्टर आहे. फिफो आजवर जास्तीत जास्त किती शब्दांपर्यंत भरला, एवढेच ते लक्षात ठेवते. त्याला जेमतेम काही लट लागतात. यंत्र ग्राहकाकडे पाठवण्याआधी ते रात्रभर चालवतो आणि सकाळी दिवे लावल्यावर तो नवा मुलगा, आता त्याला नवा म्हणणे बरोबर नाही, सर्वात आधी तो आकडा वाचून फळ्यावर लिहितो. मागच्या यंत्राचा ३७ होता.